हळदीचा तारा

नाताळचे भेटकार्ड तांबड्या-हिरव्या रंगांचेच असायचे, याविषयी चिंचपाड्यात वाढलेल्या आम्हा दोघी बहिणींना लहानपणी कधी शंका आली नाही. पुढे कळले की, चर्चच्या जुन्या परंपरेत नाताळचा रंग पांढरा किंवा सोनेरी. तांबडा पेंटेकॉस्टचा आणि हुतात्म्यांचा, तर हिरवा वर्षातल्या साध्यासुध्या दिवसांचा. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी हॉर्सली या चित्रकाराकडून पहिले छापील कार्ड करवून घेतले, तेव्हापासून हा व्यवहार छापखान्यांचा आणि दुकानांचाच अधिक झाला. असो. आमची आई मात्र तांबड्या-हिरव्या शाईची पॅडे नंदुरबारहून मुद्दाम आणवत असे, आणि बटाट्यावर ठसे कोरून दरवर्षी तीसेक कार्डे करत असे.

२०१७ च्या पावसाळ्यात आई गेली. डिसेंबरात तिची पत्त्यांची वही हाती आली, तेव्हा ध्यानात आले की यांतल्या कित्येकांना ती गेल्याचे ठाऊकच नाही. मिशनच्या हॉस्पिटलात तिच्याबरोबर परिचारिका असलेल्या बायका कुठे कुठे पांगलेल्या. कुणाचा फोन नाही, आहे तो फक्त पत्ता. म्हणजे शुभेच्छा आणि मृत्यूची वार्ता एकाच कागदावर जायची होती. पॅडे वाळून गेली होती. नवी मिळाली असती, पण त्या मजकुराखाली ते दोन रंग आमच्याच्याने उमटवले जाईनात.

मग घरातच होते ते घेतले. डिंकाच्या पाण्यात कालवलेली हळद, काव आणि कपड्यांची नीळ. भेंडी आडवी कापली की पाच कोनांचा तारा आपोआप मिळतो, कोरावे काहीच लागत नाही, तो हळदीत. बटाट्यावर तुरीची त्रिदळी पाने कोरली, ती कावेत. नवापूरच्या तुरीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या लेखी ती नाताळाच्या सुमारास शेतात उभी असते, एवढेच पुरेसे होते. मजकूर निळीने, बोरूने. (तांबडा रंग परका म्हणून टाळला, असे कुणी समजू नये. नंदुरबारच्या पथारींवर त्याच दिवसांत मिरची वाळत असते. त्याहून तांबडे जगात काय असणार?)

तर तो तांबडा आलाच. कपडे धुता धुता एक कार्ड उचलले, सोड्याचा ओला हात ताऱ्याला लागला आणि पाहता पाहता तारा कुंकवासारखा झाला. हळदीला चुना लावूनच कुंकू करतात, हे माहीत असूनही आम्ही दोघी दचकलो. कार्ड फाडायचे की ठेवायचे यावर बराच वेळ गेला. शेवटी ते नंदुरबारच्या मावशीला धाडले. घरचेच माणूस, ती समजून घेईल, असा हिशेब.

तिने समजून घेतले नाही. "नाताळ आहे की हळदीकुंकू?" फोनवर पहिला प्रश्न. आणि मग जरा थांबून, "तुमच्या आईने असं कधी केलं नसतं गं." हे खरेच होते, त्यामुळे उत्तर सुचले नाही. बाकीच्या कार्डांना सात-आठ उत्तरे आली. त्यांत रंगांविषयी कुणी अवाक्षर लिहिले नव्हते. सगळे आईविषयी होते. तीन पाकिटे परत आली. ती आम्ही उघडली नाहीत.

हळद उन्हात टिकत नाही, हा विचार तेव्हा केला नव्हता. २०१८ च्या नाताळाला मावशीकडे गेलो तर कार्ड खिडकीसमोरच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, टाचणीने लावलेले. कावेची पाने जशीच्या तशी होती. ताऱ्याच्या जागी कोरा कागद.

"वर्षभर बघत होते, रोज थोडा थोडा जायचा," मावशी म्हणाली. मग आत जाऊन तिने मिसळणाचा डबा आणला, एक भेंडी आणि विळी आणली, आणि कार्ड भिंतीवरून काढून आमच्यापुढे ठेवले. "पिवळाच लावा आता," ती म्हणाली, "हात धुऊन."