थंडी आणि साठी

दिवाळीच्या पहाटे मुले पातळ सदऱ्यांत फटाके उडवीत असतात, आणि आजोबा मात्र कानटोपी घालून, शाल लपेटून दारात उभे! मंडळी गालातल्या गालात हसतात. माझी साठी उलटल्यापासून आमच्याही घरी पंख्याच्या बटणावरून रोज खटके उडतात. मी तो बंद करावा, नातवाने पुन्हा लावावा!

पण हा काही निव्वळ वयाचा लाडावलेपणा नव्हे. देहातली मोठी शेगडी म्हणजे स्नायू. वयाबरोबर ते झडतात आणि ऊब कमी निर्माण होते. कातडीखालचे चरबीचे अस्तर विरते. थंडी लागताच कातडीतल्या रक्तवाहिन्यांनी आकसून ऊब आत राखायची. पण त्याही आता आळसावलेल्या असतात.

तरीही कुरकुरणारा म्हातारा एक वेळ बरा. तो शाल मागून घेतो. काही वृद्धांची थंडीची जाणीवच बोथट होते. अंग गार पडले तरी ते म्हणतात, "मला नाही वाजत!" शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली उतरले, की जिवाला धोका असतो.

तेव्हा आमच्या कुरकुरीला खुशाल हसा. पण जो काहीच मागत नाही, त्याच्या अंगावर दुलई आधी घाला.