साठ तीन आणि त्रेसष्ट

जून 2019 मध्ये शाळा सुरू झाल्या, तेव्हा बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ही संख्या ‘वीस एक’ अशी वाचण्याची पद्धत आली होती. विधानसभेतही तो विषय निघाला. सांगलीतील हळदीच्या एका अडत्याच्या घरी मात्र त्या पुस्तकामुळे नातीची शाळाच बदलण्याचे ठरले.

“जिथे त्रेसष्टला साठ तीन म्हणतात, तिथे शिकून ही पेढीवर काय बसणार?” आजोबा म्हणाले. पावकी, निमकी, दीडकी त्यांना मुखोद्गत होती. सूनबाईंनी इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा अर्ज आणला. तेथील गणिताचे पुस्तक जाड होते. म्हणून तेथील गणितही चांगले असणार, असे सर्वांनी धरून चालले.

फी भरण्याच्या आदल्या संध्याकाळी आजोबांनी नातीला आकडे सांगितले. ‘त्रेसष्ट’ म्हणताच तिने 36 लिहिले. ते रागावणार, तोच ती म्हणाली, “आजोबा, त्यात तीन आधी ऐकू येतात ना!” मग ‘साठ तीन’ असे स्वतःशी पुटपुटून तिने 63 लिहिले.

आजोबा गप्प झाले. पेढीवरच्या पहिल्याच वर्षी त्यांनीही 63 पोत्यांची 36 पोती लिहिली होती. तेव्हापासून वडिलांनी त्यांना प्रत्येक आकडा अक्षरी लिहायला लावला होता. शिवाय कर्नाटकातून येणारे व्यापारी ‘अरवत्त मूरू’, म्हणजे आधी साठ आणि मग तीन, असेच म्हणत. त्यांचा हिशेब कधी चुकला नव्हता. आणि ज्या क्रमाला भिऊन शाळा बदलायची, तोच क्रम ‘सिक्स्टी थ्री’मध्येही होता! एकच संख्या दोन अंगांनी पाहता येते, हे अनेकान्त मानणाऱ्या घराला इतके अवघड का वाटावे?

दुसऱ्या दिवशी सूनबाई जुन्या शाळेत गेल्या. मुलीचे उत्तर चुकले तर काय करता, एवढेच त्यांनी विचारले. बाईंनी काड्यांचे दहा-दहांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या पुढे ठेवल्या. “तिलाच मोजायला लावते,” त्या म्हणाल्या.

अर्ज कोराच राहिला. आजोबा त्या दिवसापासून नातीकडून दोन्ही नावे म्हणून घेऊ लागले. हळदीचा सौदा पोत्यावरचा शिक्का पाहून होत नाही. हळकुंड मोडून आतला रंग पाहावा लागतो. शाळेची निवड त्याहून घाईने का करावी?