रंगांची बेगमी

गगनबावड्यात आषाढ लागला की रंग दिसेनासे होतात. कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी काठावर वसलेलं हे तालुक्याचं गाव. इथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात आणि त्याच वाटांनी ढग वर चढून येतात. वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस. याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळात, याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो. धुकं आधी गगनगड पुसून टाकतं, मग समोरचा फणस, मग अंगणातली तुळस. पावसाळ्यात सगळीकडे हिरवंगार असतं असं फिरायला येणारे म्हणतात, पण चार दिवस राहून पाहिलं तर तो हिरवाही राखाडीकडं झुकतो. कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, काडी ओढावी तर पेटायच्या आधी तिचं गुलच गळून पडतं.

अशा मुलखातलं घर आतून रंगीत का असतं, याचा मला बरीच वर्षं प्रश्नच पडला नव्हता. माझी आत्ती याच तालुक्यातल्या एका वाडीवर राहते. लहानपणी तिच्याकडं जायचो ते मे महिन्यात, आणि तेव्हा तिथं सगळंच रंगीत असायचं. पुढं भर पावसात तिच्याकडं राहायला लागले, तेव्हा लक्षात आलं की उन्हाळ्यात अंगणभर पसरलेलं ते सगळं आता घरात आलं आहे. धान्याची, जळणाची, शेणींची बेगमी करतात तशी ही बाई वैशाखात रंगांचीही बेगमी करून ठेवते. ती स्वतः हे असं म्हणणार नाही. तिच्या लेखी ती फक्त कामं उरकत असते.

वैशाखातलं ते अंगण डोळ्यांपुढं आणून बघा. एका पोत्यावर मिरच्या वाळत पडलेल्या. त्यातही तीन जाती: तिखटपणाला लवंगी, चवीला संकेश्वरी आणि ब्याडगी. ब्याडगी येते कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातून. अंगानं सुरकुतलेली, तिखटाला बेताची, पण रंगाला अशी की तिचा अर्क सौंदर्यप्रसाधनांतही जातो. महागाची ही मिरची कशाला, कमी तिखट तर आहे, असं मी एकदा विचारलं. आत्ती म्हणाली, "ती तिखटाला न्हाई गं, रंगाला. कालवण ताटात हसाय पायजे." शेजारच्या सुपात रातांब्याची सालं. ती एकदा वाळवून भागत नाही. त्याच फळाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात टाकायची, तेव्हा कुठं लाल साल जांभळट काळं आमसूल होतं. पलीकडं हळद, चिंचेचे गोळे, फणसपोळी, काळपट तांबूस हुलगे, आणि उन्हात पांढरेशुभ्र दिसणारे तांदळाचे पापड. मिरच्या कांडपावरून आल्या की भाजलेला कांदा, लसूण, खोबरं, तीळ घालून चटणी होते. चिनी मातीच्या बरणीत ती दाबून भरली, वर मिठाचा थर दिला, तोंडाला फडकं बांधलं की वर्षभराच्या लाल रंगाची सोय झाली.

घराचंही तसंच. मृग लागायच्या आधी घरातल्या भिंतींना चुना, त्यात चिमूटभर नीळ. भिंतीच्या पायाशी कावेचा तांबडा पट्टा. चुलीला पांढऱ्या मातीचं पोतेरं. सोप्यातली आणि माजघरातली जमीन शेणानं सारवलेली. ओली असताना ती गडद हिरवी दिसते, वाळत जाते तशी पिवळसर करडी होते. पावसाच्या तोंडच्या भिंतीला पूर्वी गवताची झड बांधत, आता निळा प्लास्टिकचा कागद बांधतात, आणि खरं सांगायचं तर गगनबावड्याच्या पावसाळ्यात लांबून दिसणारा सर्वांत ठळक रंग आज तोच आहे. आत मात्र दांडीवर वाकळा. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे, कुणाच्या तरी लग्नातलं जरीचं खणाचं कापड, सगळं एकावर एक अंथरून धावदोऱ्यानं शिवलेलं. आत्तीच्या एका वाकळेत आजीचं हिरवं लुगडं आहे, आजोबांचा खाकी सदरा आहे, आणि माझ्या शाळेच्या स्कर्टची निळी पट्टी आहे. हे रंग कुणी एकमेकांना शोभतात म्हणून निवडले नव्हते. वापरून विरलं ते त्यात आलं. तरी थंडीपावसात ती वाकळ अंथरली की खोलीचा चेहराच बदलतो.

आणि हे घर ज्या दगडाचं आहे तो जांभा तर पावसानंच घडवलेला. सह्याद्रीचा मूळ कातळ काळा. लाखो वर्षं त्याच्यावर पाऊस पडत राहिला, विरघळण्याजोगं होतं ते पाण्यानं वाहून नेलं, आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. लोह हवेशी मिळून तांबडं झालं. चिरा तासताना जो गेरूचा धुरळा उडतो तो या कातळाचा उरलेला अंश. इथला पाऊस चार महिने रंग पुसतो हे खरं, पण बाहेरच्या उघड्या भिंतींचा तांबडा रंग त्याचाच आहे.

पाऊस रंग पुसतो तसा देतोही, हे स्वयंपाकघरात अधिक नीट कळतं. पावसाच्या पहिल्या आठवड्यात टाकळा उगवतो, मग कुरडू, मग भारंगी. भारंगी कडू, म्हणून उकडून पाणी पिळून टाकायचं. अळू परड्यात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं. त्यात आमसूल किंवा चिंच पडायलाच हवी, नाहीतर घसा खवखवतो. वैशाखात वाळवलेलं ते जांभळं आमसूल आषाढातल्या हिरव्या पानांच्या मदतीला येतं, असा हा दोन ऋतूंचा संसार. बेंदराला बैलांच्या शिंगांना हुरमुंजाचा लाल रंग चढतो आणि त्या दिवशी घरात पुरणाचा पिवळा. भादव्यात तेरडा गुलाबी होऊन गौर म्हणून घरात येतो आणि तिच्यापुढं भाजी-भाकरी ठेवतात. रोजचं ताट मात्र साधं: तांबूस करडी नाचण्याची भाकरी, हुलग्याचं माडगं, हिरवी पालेभाजी, कडेला लाल चटणी, कच्चा कांदा.

या भाकरीचा तांबूस रंग मला फार दिवस गरिबीचा वाटायचा. पांढरी ज्वारी, पांढरा तांदूळ, पांढरी चपाती ही पाहुण्यांची. नाचणा घरच्या माणसांचा. नंतर वाचलं तेव्हा कळलं की नाचणीचा रंग तिच्या सालीत असतो, आणि ती साल आतल्या पिठाला इतकी घट्ट चिकटलेली असते की दाणा सडून पांढरा करणं अवघड. म्हणून नाचणी दळली जाते ती सगळीच्या सगळी. तिच्यातलं कॅल्शियम, १०० ग्रॅमला ३४० ते ३६० मिलिग्रॅमच्या घरातलं, आणि तंतू, आणि ज्यांच्यामुळं तिला रंग आला ती द्रव्यं, सगळी भाकरीत उतरतात. तांदळाचं उलट. त्याचा तांबूस कोंडा सहज निघतो, म्हणून आपण तो काढतो आणि उरलेल्या पांढऱ्या दाण्याला चांगला तांदूळ म्हणतो.

याचा परिणाम काय होतो ते जावामधल्या कोंबड्यांनी दाखवून दिलं. १८९० च्या दशकात ख्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर तिथं बेरीबेरीचा शोध घेत होता. लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला, कोंडा काढलेल्या तांदळाचा पांढरा भात खाणाऱ्या त्याच्या कोंबड्या लुळ्या पडल्या. मग स्वयंपाकी बदलला. लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना का घालायचा, म्हणून नव्या स्वयंपाक्यानं तो बंद केला, कोंबड्यांना कोंड्यासकट तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट तिथून सुरू झाली; १९२९ साली आइकमनला नोबेल मिळालं. मला त्या कंजूष स्वयंपाक्याचं कौतुक वाटतं. कोंड्याची किंमत त्याला ठाऊक नव्हती, पण त्याच्या हिशेबीपणामुळं ती जगाला कळली.

तेव्हापासून मी ताटाकडं वेगळ्या नजरेनं बघते. दाण्याचा, डाळीचा, गुळाचा रंग जिथं उतरवला आहे, तिथं बहुधा आणखीही काही उतरलेलं असतं. सत्त्व जपायचं असेल तर तक्ते पाठ करायची गरज नाही. बरेचदा रंग राखला तरी पुरतं. आत्तीच्या घराची बाहेरची भिंत आणि भाकरी एकाच जातीची वाटतात याचं कारणही हेच असावं. दोन्हीकडं मूळचा रंग काढून टाकण्याची खटपट कुणी केली नव्हती.

घरातल्या, परड्यातल्या साध्या गोष्टींना मोल द्यायचं, हा विचार बावड्याला नवा नाही. हा प्रदेश कोल्हापूर संस्थानातल्या पंत अमात्यांच्या जहागिरीचा. या बावडेकर घराण्यातल्या रामचंद्रपंत अमात्यांचं १७१५ च्या सुमाराचं आज्ञापत्र राजनीतीचा ग्रंथ म्हणून वाचलं जातं. सावकार, टोपीकर, आरमार, किल्ले असे मोठे विषय त्यात आहेत. पण किल्ल्याची व्यवस्था सांगताना पंत केराच्या राखेपर्यंत येतात. गडावरचा केर खाली ढकलू नका, जागच्या जागी जाळा, राख परसात टाका आणि घरोघरी होईल तो भाजीपाला करा, असं ते बजावतात. आंब्याफणसाचं लाकूड आरमाराला उपयोगी खरं, पण रयतेनं ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नका, असंही सांगतात. ज्याच्या डोक्यावर स्वराज्य टिकवण्याची जबाबदारी होती त्या मुत्सद्द्याला परड्यातली भाजी राज्यकारभाराच्या बाहेरची वाटली नाही. आत्तीच्या परड्यात चुलीतली राख अजून अळवाच्या बुंध्याशी पडते. तिनं आज्ञापत्र वाचलेलं नाही; राखेचं तेवढं तिला ठाऊक आहे.

आता हे सगळं लिहिताना मला एका गोष्टीची धास्ती वाटते. शहरात बसून सारवलेल्या जमिनीचं कौतुक करणं सोपं आहे. आत्तीचे गुडघे त्या सारवणानं गेले. मुलानं सोप्यात आणि स्वयंपाकघरात फरशी घातली तेव्हा ती खूश झाली, आणि मी तिच्याबरोबर खूश झाले. चुलीशेजारी गॅस आला त्याचंही तसंच. नाचण्याची लावण ओणव्यानं करायची, पावसात करायची, आणि पीक हाताशी आलं की एका रात्रीत गव्यांनी ते तुडवायचं. खालच्या रानात ऊस आला. उतारावरच्या तुकड्यात तो येत नाही म्हणून तिथं नाचणा टिकून आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तीन रुपये किलोनं तांदूळ मिळू लागला, २०२३ पासून तो फुकट आहे, आणि ज्या घरात खरोखर चूल पेटत नव्हती तिथं या पांढऱ्या भातानं पोटं भरली. त्याच २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या पुढाकारानं भरडधान्य वर्ष साजरं केलं, आणि वाडीवरच्या पोरांनी ताटात नको म्हटलेला नाचणा पुण्यामुंबईच्या दुकानांत बिस्किटं होऊन चढ्या भावानं बसला. आत्तीला मी त्या पुड्याची किंमत सांगितली तर ती म्हणाली, "एवढ्यात पायली येती की गं!" तिचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.

तरी काही गोष्टी फार कष्ट न करता शहरात येऊ शकतात, असं मला वाटतं. कोल्हापुरात घर घेतलं तेव्हा शेडकार्ड हातात आलं. त्यात पांढऱ्याचेच कितीतरी प्रकार होते आणि प्रत्येकाला दूध, मोती, हस्तिदंत अशी नावं. मी भिंती पांढऱ्या ठेवल्या. दाराच्या कडेला तेवढा गेरूचा हातभर पट्टा ओढला. वाकळ कपाटातून काढून दिवाणावर घातली. गिरणीवाल्याला तांदळाला एकच हात पॉलिश मारायला सांगायला शिकले. पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं संशयानं पाहिलं, आता तो स्वतःच विचारतो. हुलगे, नाचणा, आमसूल, गूळ, चटणी हे स्टीलच्या डब्यांतून काढून काचेच्या बरण्यांत भरलं आणि ओट्यासमोरच्या फळीवर मांडलं. प्लास्टिकच्या जुन्या पिंपात अळू लावलं, ते बाल्कनीत बरं वाढतं. परडं काही आणता आलं नाही.

सगळं मांडून झालं तरी स्वयंपाकघराची एक भिंत मला ओकीबोकी वाटत होती. आत्ती आली तेव्हा शेडकार्ड तिच्यापुढं धरलं आणि विचारलं, इथं कुठला रंग बरा दिसेल? तिनं कार्ड उलटंसुलटं करून बघितलं, खाली ठेवलं, पिशवीतून चटणीची बरणी आणि आमसुलाचं पुडकं काढलं आणि फळीवरच्या मोकळ्या जागेकडं हात केला. "आदी ह्या बरण्या भर. चार माणसं जेवाय बोलीव. मग तुझ्या भितीकडं कोण बघतंय?"