पांढऱ्या मातीची क्लायटी

संपादकांचा आग्रह होता, 'तुमच्या कामातलं काहीतरी सोपं लिहा.' जुन्या सिरॅमिक वस्तूंची दुरुस्ती आणि जतन हे माझं काम, आणि ते सोपं करून सांगायला मला कधीच जमलेलं नाही. त्यातून या पावसाळ्यातलं एक प्रकरण अजून डोक्यात घोळतंय.

गिरगावातल्या एका कुटुंबाने पणजोबांच्या दिवाणखान्यातला अर्धपुतळा आणला होता. मान किंचित झुकलेली तरुणी, एका खांद्यावरून ओघळलेलं वस्त्र, छातीखाली पाकळ्यांचा वेढा. घरात सगळे त्याला 'इटालियन मार्बल' म्हणत. उलटा करून पाहिला तर आतून पोकळ. एका पाकळीमागे साच्याच्या जोडाची बारीक रेघ आणि पाठीवर ठसा: डेलपेश, 1855, आर्ट युनियन ऑफ लंडन. म्हटलं, हे पॅरियन, इंग्लंडमधल्या कोपलंडच्या कारखान्यातलं. "म्हणजे चिनी मातीच की!" असं म्हणत चिरंजीवांनी तोंड पाडलं.

आता ही 'चिनी माती' काय असते ते सांगते. पॅरियन 1840च्या दशकात स्टॅफर्डशरमध्ये निघालं. ते आधी कोपलंडने काढलं की मिंटनने, यावर तेव्हा पुष्कळ भांडण झालं. त्यात मला रस नाही. पॅरियनच्या मातीत फेल्डस्पारचं प्रमाण भरपूर. भट्टीत तो वितळून मातीचे कण धरून ठेवतो, म्हणून झिलईशिवायच पृष्ठभागाला संगमरवरासारखी मऊ चमक येते. पातळ कालवलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओततात. प्लास्टर पाणी शोषतं, कडेला थर धरतो, उरलेली माती ओतून टाकतात. हात, डोकं, पाकळ्या वेगवेगळ्या काढून त्याच मातीने सांधतात. पुढे खरी परीक्षा. ही माती जवळजवळ चौथ्या हिश्श्याने आकसते; दोन फुटी पुतळा भट्टीतून दीड फुटाचा होऊन निघतो. आकसताना मान कलू नये म्हणून टेकूही त्याच मातीचे लावावे लागतात; दुसऱ्या कशाचे लावले तर ते आकसत नाहीत आणि पुतळा तडकतो. संगमरवर कोरणाऱ्याला ही धास्ती नसते. तरी लोक याला 'नकली मार्बल' म्हणतात, तेव्हा मला राग येतो.

आणि 'अस्सल' तरी कुठे अस्सल आहे? गिरगावचा पुतळा ज्याची प्रतिकृती, तो मूळ संगमरवरी अर्धपुतळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चार्ल्स टाउनली या संग्राहकाने तो 1772 मध्ये नेपल्सच्या लॉरेंझानो घराण्याकडून घेतला; 1805 मध्ये संग्रहालयाकडे आला. सूर्यावर भाळून फूल झालेल्या अप्सरेचं, क्लायटीचं, नाव टाउनलीच्या काळातलं. कुणी म्हणतं ही मार्क अँटनीची मुलगी अँटोनिया. कुणी म्हणतं पुतळा मुळी रोमनच नाही, अठराव्या शतकात घडवलाय. तिसरं मत असं, की रोमन चेहरा खरा, पण वस्त्र त्या शतकाच्या आवडीप्रमाणे नव्याने छिनून आणखी खाली ओढलंय. माझा कौल या तिसऱ्या मताला. त्या वस्त्राचा नखरा मला रोमन वाटत नाही, आणि चेहरा मात्र कुठल्यातरी खऱ्याखुऱ्या बाईचा वाटतो. अर्थात मी दगडाची तज्ज्ञ नाही, आणि हा वाद चहाच्या टेबलावर काढला की सहकारी उठून जातात. पण एवढं खरं, की संगमरवरी क्लायटीच्या वयाबद्दल पंडितांचं एकमत नाही, आणि मातीच्या क्लायटीच्या पाठीवर साल छापलेलं आहे.

गिरगावच्या क्लायटीला कुणीतरी पांढरा ऑइलपेंट फासला होता. केसांच्या लाटा त्यात बुजल्या होत्या. मोडलेली पाकळी एपॉक्सीने चिकटवलेली. तो जोड पिवळा पडून बाहेर ओघळला होता. रंग उतरवता आला असता, जोडही सोडवता आला असता. वेळ लागला असता एवढंच. पण मार्बल नाही म्हटल्यावर त्यांना खर्च परवडेना. जुन्या पेपरात गुंडाळून घेऊन गेले. पुढे काय झालं, विचारायचा धीर झालेला नाही.

तुमच्या घरी असा पांढरा पुतळा असेल तर आधी उलटा करून आत डोकवा, पाठ बघा. संगमरवर आहे का हे तपासायला त्यावर लिंबू किंवा अ‍ॅसिड टाकू नका. रंग देऊ नका. तुकडा निखळला तर चिकटवू नका. कापसात गुंडाळून, डबीत घालून, पुतळ्याबरोबर आमच्यासारख्या कुणाकडे घेऊन या.