कोरडी सावेडी, ओला गड

सावेडीत पाऊस म्हणजे गच्चीवरचे कपडे काढायचे की नाही, एवढाच प्रश्न. आमचं नगर पर्जन्यछायेत. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, आभाळ फाटलेलं असतं. म्हणून जुलै आला की शनिवारी सॅक भरायची आणि पाचनईहून हरिश्चंद्रगड (१४२४ मीटर) गाठायचा!

काही वर्षांपूर्वी लेकालाही नेलं. रात्री मंदिराजवळच्या गुहेत मुक्काम. त्याची जीन्स चिंब... सुती कापड भिजलं की लवकर वाळत नाही, उलट अंगातली ऊब ओढून घेतं, हे सांगायला मीच विसरलो होतो. मध्यरात्री त्याचे दात वाजायला लागले. माझे कोरडे कपडे चढवले, गूळ-शेंगदाणे चारले, जवळ घेतलं. तासाभराने तो झोपला. मी नाही.

सकाळी कोकणकड्याकडे निघालो तर पाच पावलांपुढचं दिसेना. "बाबा, इतकं आलोय, जाऊया ना!" मी नाही म्हणालो. कड्याची धार दिसत नसेल तर कड्याजवळ जायचं नाही. उतरताना तो अख्खी वाट गप्प होता.

परवा तो मित्रांबरोबर कळसूबाईला गेला. दुपारी फोन आला. "बाबा, शिड्यांपाशी वारा फार होता. परत फिरलो."

१६४६ मीटरचं शिखर राहिलं म्हणून कधी इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. गच्चीवर गेलो. कपडे कोरडेच होते.

असो.