फूल आणि दोन पानं

आमच्या आत्याला मत मागता येत असे. भाषण तिच्या बापजन्मी जमलं नसतं, पत्रकही अडखळत वाचायची. पण परक्या घराच्या मागच्या दारी गेली, की विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईच्या हातातला दोर आधी स्वतःच्या हातात घ्यायची आणि मग बोलायला लागायची. गेल्या पावसाळ्यात ती गेली. नव्वदीला टेकली होती, तेव्हा अकाली गेली असं कोणी म्हणणार नाही. तरी घर ओकंबोकं झालं ते झालंच.

1967च्या जानेवारीत गोव्याला विचारलं गेलं होतं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं? फुलावर शिक्का मारला तर विलीनीकरण, दोन पानांवर मारला तर वेगळा गोवा. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. गोव्यात अजूनही लोक त्याला ‘ओपिनियन पोल’च म्हणतात.

आत्या फुलाची. ती मुंडकाराची सून. घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत, माड त्याचे, विहीर त्याची; तो ऊठ म्हणाला की चूल उचलायची. महाराष्ट्रात गेलो तर घराखालची जमीन आपली होईल, एवढंच तिचं राजकारण. मराठी अस्मिता वगैरे गोष्टी सभेत बोलणाऱ्यांच्या.

मतदान 16 तारखेला होतं आणि संक्रांत नुकतीच झालेली. हळदीकुंकवाच्या निमित्ताने कुठलंही दार उघडत होतं. मी लहान, तिच्याबरोबर तिळगुळाच्या लोभाने फिरायचे. फोंड्याकडच्या एका कुळागरातली म्हातारी मला आठवते. पडवीत बसून सुपाऱ्या सोलत होती. आत्याही बसली आणि सोलू लागली. बराच वेळ पिकाची, सुनेची, गुडघ्यांची बोलणी झाली. मग आत्या हळूच म्हणाली, “माये, फुलाक घाल गे मत.” म्हातारीने तुळशीपाशी ठेवलेल्या तबकाकडे बोट दाखवलं. त्यात विड्याची दोन पानं होती. पानवाली सकाळीच येऊन गेली होती! आत्याने पानांना हात लावला नाही. डोक्यातल्या फातीतली चार अबोलीची फुलं काढून त्यांच्याशेजारी ठेवली. म्हातारी हसली, म्हणाली, “देवाला दोन्ही लागतात.” मत कुणाला देणार ते तिने सांगितलं नाही, आत्यानेही खोदून विचारलं नाही.

ती पानवाली आत्याचीच मैत्रीण, शिवणाच्या वर्गातली. वाटेत दोघी भेटल्या की कोणत्या वाड्यावर कुत्रं चावरं आहे ते एकमेकींना सांगायच्या. गंमत म्हणजे विलीनीकरणाविरुद्ध रान उठवलं ते मडगावच्या ‘राष्ट्रमत’ने, म्हणजे मराठी दैनिकाने, आणि आमची आत्या महाराष्ट्रात जाऊया म्हणून सांगायची ती कोकणीतून. गोव्याबाहेरच्या माणसाला हे समजावताना माझी अजून दमछाक होते.

निकाल लागला. वेगळ्या गोव्यासाठी 1,72,191 मतं, विलीनीकरणासाठी 1,38,170. फरक 34,021 मतांचा. आत्याने त्याचे अर्धे केले आणि म्हणाली, अजून सतरा हजार माणसं भेटायला हवी होती. जणू प्रश्न फक्त पायपिटीचा होता! मार्चमध्ये निवडणूक आली तेव्हा पुन्हा चपला घालून निघाली, आणि ज्या गोव्याने विलीनीकरण नाकारलं त्यानेच विलीनीकरणवाल्या बांदोडकरांना परत मुख्यमंत्री केलं.

माझं मत विचाराल तर दोन पानं जिंकली ते बरंच झालं. 1987 साली गोवा स्वतंत्र राज्य झालं ते त्या कौलामुळेच. आणि आत्याची जमीनही शेवटी गोव्यातच राहून, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना झालेल्या 1975च्या मुंडकार कायद्याच्या आधाराने, तिच्या नावावर झाली. हे मी तिला एकदा ऐकवलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “घराखाली आपली जमीन असली की असलं सुचतं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

आता निवडणुकीत फोन वाजतो आणि ध्वनिमुद्रित पुढारी नमस्कार करतो. मध्यंतरी सर्वेक्षणवाला एक मुलगा आला होता. हातात टॅब. कोणाला देणार, सरकारवर समाधानी आहात का, अमुक की तमुक. आत्याने त्याला आत बोलावलं, पाणी दिलं, तू कुणाचा, जेवलास का म्हणून विचारलं. तो बिचारा उभाच. त्याला संध्याकाळपर्यंतचा आकडा गाठायचा होता. तो गेल्यावर आत्या म्हणाली, “ह्याला माझं मत नकोच होतं.” सर्वेक्षणांवर मी पुष्कळ लेख वाचलेत, पण इतकं नेमकं कुठे वाचलं नाही.

आत्या गेल्यावर मतदार यादीत तिचं नाव तसंच राहिलं. कमी करायला दारात कुणी येईल म्हणून वाट पाहिली, कुणी आलं नाही. शेवटी सात नंबरचा फॉर्म मीच भरून दिला.