तगरीवरचे बिऱ्हाड

केसाळ असेल तो सुरवंट आणि गुळगुळीत असेल ती अळी, एवढ्यावर आपले वर्गीकरण बहुधा थांबते. अमुक अळी कोणत्या पतंगाची, हे ठरविण्याचा खात्रीचा मार्ग तिला पाळणे हाच. त्यातही 'ही दिसते कशी?' यापेक्षा 'ही खाते काय?' हा प्रश्न आधी विचारावा. कात टाकताना अळीचे रंगरूप पालटते. खाण्याची आवड सहसा पालटत नाही.

आमच्या पुण्याच्या अंगणातील तगर याला साक्ष आहे. पावसाळ्यात तिच्याखालच्या फरशीवर मिऱ्यांएवढ्या लेंड्या दिसू लागल्या, की वर पाहावे. पानांच्याच रंगाची, बोटाएवढी जाड अळी तिथे असते. डोक्यामागे निळसर-पांढरे दोन ठिपके, शेपटाशी पिवळे शिंग. डिवचली, की ती डोके आत ओढते आणि ते खोटे डोळे वटारते! ही कण्हेरीच्या पतंगाची अळी. लिनियसने १७५८ मध्ये त्याला नाव दिले ते कण्हेरीवरूनच. तगर आणि कण्हेर एकाच चिकाळ कुळातल्या. कण्हेरीचे जे विष माणसाचे हृदय बंद पाडते, ते ही खुशाल पचविते.

डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवून तोंड कापसाने बुजवावे, नाहीतर अळी उतरून बुडते. भोवती मलमल, तळाशी कोरडा पाला. अंग काळवंडून ती सैरावैरा फिरू लागली, की कोश करण्याची वेळ झाली असे समजावे. टी. आर. बेल हे वनाधिकारी कारवारकडे असेच पतंग पाळीत. स्कॉट यांच्यासह त्यांनी लिहिलेला या कुळावरचा ग्रंथ १९३७ मध्ये निघाला.

आमच्या सौभाग्यवतींचा मात्र या विद्येशी उभा दावा. देवाच्या फुलांचे झाड बोडके होते, ही त्यांची तक्रार मला खोडता येत नाही. अळ्या घरात आणल्या तरी पाने तगरीचीच लागतात.

गेल्या श्रावणात दोन कोश झाले. एकातून पतंगाऐवजी माशीची पांढरी पिले बाहेर पडली. अळीच्या अंगात त्यांनी केव्हाच घर केले होते. "म्हणजे बाबा, इतके दिवस आपण तगर माशांना वाढली?" मुलीने विचारले. दुसऱ्यातून रात्री हिरव्या-गुलाबी पंखांचा पतंग निघाला. सौभाग्यवतींनी खिडकी उघडली आणि दिवा मालवला. उजेड असला, की पतंग दिव्याशीच घोटाळत राहतो, हे प्रथम त्यांच्याच ध्यानात आले होते.